शंभरात ब्याण्णव

आमच्या बोरजाई पंचक्रोशी आरोग्य मंडळाचं 'खबरबात' नावाचं वार्तापत्र दर पंधरा दिवसांनी निघतं. निघतं म्हणजे मी काढते. तीस वर्षं वॉर्डात उभी राहिले, मग गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा डॉक्टर कासारांनी मला खुर्ची दिली आणि खुर्चीसोबत तीन कामं दिली: प्रशिक्षण, कर्मचारी कल्याण आणि खबरबात. त्यात चार सदरं असतात. 'कोण आलं, कोण गेलं', 'शिकायच्या संधी', 'तब्येतीला जपा' आणि 'रजेवर'. शेवटचं सदर माझ्या सुपीक डोक्यातून निघालेलं. पुढचा सगळा घोळ त्यानेच केला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर पट्टीबद्दल. ती आमच्याकडे २०३७ साली आली. घड्याळाच्या जागी बसणारी, बोटभर रुंदीची, राखाडी. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या एका सिस्टरने सलग सोळा तासांच्या ड्युटीनंतर एका बाळंतिणीसाठी दुप्पट औषध सुईत भरलं होतं. शेजारच्या सिस्टरने हात धरला म्हणून निभावलं. सिस्टर हुशार होती, फक्त थकलेली होती. आणि थकलेल्या माणसाला आपण किती थकलो आहोत हे कळत नाही, ही थकव्याची खोड आहे.

पट्टीला ते कळतं. आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी टोपीसारख्या बसलेल्या असतात. शरीरावर ताण आला की त्या कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. त्यातला अगदी थोडा घामातही उतरतो. सकाळी तो जास्त असावा, दिवस कलेल तसा कमी व्हावा, झोपेत तळाला जावा. ज्याच्या अंगातून तो उतरतच नाही, त्याला झोप लागली तरी विश्रांती मिळत नाही. पट्टीच्या आतल्या बाजूला एक पातळ पडदा आहे, तो दर दहा मिनिटांनी घामातला हा रस मोजतो. जोडीला नाडी. निरोगी हृदयाचे ठोके अगदी सारख्या अंतराने पडत नाहीत, श्वासाबरोबर किंचित मागेपुढे होतात. माणूस थकला की ही सैल चाल जाते आणि हृदय शाळेच्या कवायतीसारखं एक-दोन, एक-दोन करू लागतं. या सगळ्याची चोवीस तासांची गोळाबेरीज करून रोज सकाळी सहा वाजता यंत्र एक अंक देतं, शून्य ते शंभर. जितका जास्त, तितका माणूस थकलेला.

अंक सलग तीन दिवस सत्तरच्या वर गेला, की यंत्र सक्तीच्या विश्रांतीचा आदेश काढतं. तो आदेश डॉक्टर कासारही एकट्याने मोडू शकत नाहीत, त्याला तिघांची समिती लागते. मला प्रत्येकाचा फक्त अंक दिसतो. कुठल्या तासाला किती ताण होता, तो आलेख ज्याचा त्याच्या अंगठ्याने कुलूपबंद.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऋतुजा घाडगेचा अंक त्र्याहत्तर आला, मग चौऱ्याहत्तर, मग शहात्तर. ऋतुजा आमच्या प्रसूती विभागातली सिस्टर. तेहेतीस वर्षांची, बोलायला कमी, हाताला हलकी. तिचा नवरा धीरज आमच्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. त्याचा अंक कधी पस्तीसच्या वर गेला नाही. मार्चमध्ये मी त्याचा फोटो छापला होता, 'या महिन्याचा ताजातवाना कर्मचारी' म्हणून. तो फोटो त्यांच्या घरात फ्रिजवर चिकटवलेला आहे, हे मला नंतर दिसलं.

ऋतुजाला दहा दिवसांची सक्तीची विश्रांती मिळाली. मला बरं वाटलं. कारण तीस एप्रिलला एक यादी जायची होती. मिरजेच्या प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता, कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांच्या अतिदक्षतेचा. मंडळाला एकच जागा होती. अर्ज दोन, ऋतुजाचा आणि पल्लवी सुतारचा. अनुभवात ऋतुजा पुढे. पण अट अशी, की यादी जायच्या दिवशी अंक साठच्या आत हवा.

ती जागा ऋतुजाला का हवी होती, ते सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. गेल्या वर्षी एक किलो दोनशे ग्रॅमचं बाळ घेऊन ती रुग्णवाहिकेतून साताऱ्याला निघाली होती. आमच्याकडे काचेची पेटी आहे, पण अशा बाळाला श्वास कसा पुरवत राहायचा हे शिकलेलं माणूस नाही. घाट उतरता उतरता बाळ गेलं. ती बाळाला छातीशी तसंच धरून परत आली आणि स्वतः त्याच्या आईला सांगायला गेली. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज भरला.

मी 'रजेवर' सदरात लिहिलं: "सिस्टर ऋतुजा घाडगे दहा दिवस घरी विश्रांती घेणार आहेत. त्यांना भरपूर आराम मिळो." खाली एका फुलाचं चित्र टाकलं आणि खबरबात पंचक्रोशीतल्या सगळ्या मोबाईल-गटांवर पाठवून दिलं.

आणि अंक चढू लागला. विश्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सत्त्याहत्तर, चौथ्या दिवशी एकोणऐंशी, सहाव्या दिवशी एक्याऐंशी. यंत्राने आपल्या बुद्धीप्रमाणे विश्रांती आणखी दहा दिवसांनी वाढवली, म्हणजे थेट तीस एप्रिलच्या पलीकडे.

डॉक्टर कासारांनी मला बोलावलं. "वंदनाताई, विश्रांती घेऊन अंक वाढतोय म्हणजे आत काही आजार असणार. तपासण्या करून घ्या. आणि जागेसाठी पल्लवीचं नाव ठेवा. तिचा बेचाळीस आहे."

"तपासण्या करण्याआधी मी तिच्या घरी जाऊन येते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गेले. दार उघडं, घरात कोणी नाही, वरून भांड्यांचा आवाज. जिना चढताना गुडघ्यांनी मला चार शिव्या दिल्या. गच्चीवर पोचले तर डोळ्यांसमोर दोन पलंगांएवढं प्लॅस्टिक अंथरलेलं, त्यावर ओळीने पांढऱ्या ओल्या कुरडया. कोपऱ्यात विटांची चूल आणि तिच्यावर मोठं पातेलं. ऋतुजाची सासू, शालनकाकी, दोन्ही हातांनी लाकडी दांडा धरून चीक घोटत होती. आणि आमची सक्तीच्या विश्रांतीवरची सिस्टर उकिडवी बसून सोऱ्या पिळत होती. केसांपासून कोपरापर्यंत पांढरी.

ज्यांनी कुरडया फक्त तळून खाल्ल्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून गाळून चीक खाली बसू द्यायचा. मग पहाटे उठून तो उकळत्या पाण्यात घालून गुठळी न होऊ देता घोटायचा. तो गरम असतानाच पिळायचा. थंड झाला की दगड.

"या, सोनटक्केबाई," शालनकाकी म्हणाल्या. दांडा थांबला नाही. "सून आजारी हाय का बघाया आलाय व्हय? ठणठणीत हाय. तुमच्या यंत्राचंच कायतरी बिघडलंय."

"काकी, ती रजेवर आहे."

"म्हणून तर गहू भिजीवलं. एरवी एकटीच्यानं कुठं हुतंय? तुमच्या त्या कागदात आलं, दहा दिवस घरी. लगेच थोरल्या लेकीचा फोन, धाकटीचा फोन, जाऊबाईंचा निरोप. वैनी घरी हाय तर यंदा आमच्या पण घाला म्हणं. कुरडया झाल्या की पापड हायेत. मग शेवया."

मी ते फुलाचं चित्र आठवलं आणि मला माझीच लाज वाटली.

ऋतुजा हात धुवायला टाकीपाशी आली, तिच्या मागे मीही गेले. तिने ओल्या हाताने पदराआडून मोबाईल काढला, अंगठा लावला आणि आलेख माझ्यासमोर धरला. "फक्त तुम्ही बघा, ताई."

रजेच्या आधीचा आठवडा होता. पहाटे पाच ते आठ डोंगर. संध्याकाळी सात ते साडेदहा त्याहून मोठा डोंगर. आणि मधे, नऊ ते पाच, सपाट दरी. एके दिवशी दुपारी दोनला रेषा पार तळाला गेली होती.

"इथे काय होतं?" मी विचारलं.

"जुळ्यांची प्रसूती. पहिलं बाळ पायाळू." ती ओशाळं हसली. "तिथं मला काय करायचंय ते माहीत असतं. आणि काम संपलं की 'झालं' असं सगळे म्हणतात."

यंत्राने रोग बरोबर ओळखला होता आणि औषध उलटं दिलं होतं. जिथे तिला विसावा मिळत होता, तिथूनच तिला उचलून घरी बसवलं होतं.

"हा आलेख समितीला दाखव. आदेश रद्द होईल, साठची अटही सैल करता येईल."

"समितीत तिघं. प्रयोगशाळेचे बर्गेसर त्यातले एक, म्हणजे ह्यांचे साहेब. घरची गोष्ट मी त्यांच्यापुढं टांगू? उद्या ह्यांना तिथंच काम करायचंय." तिने चुलीपाशी सासूकडे पाहिलं. "आणि आत्यांना मी मिरजेचं अजून सांगितलेलंच नाही. सहा महिने घर कोण बघणार?"

मला एक प्रश्न पडला होता. "ऋतुजा, मंडळात सत्तावीस बायका आहेत. सगळ्यांना घरं आहेत. मग इतका अंक तुझ्या एकटीचाच कसा? तू घरी पट्टी काढत नाहीस?"

तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "अंघोळ सोडून पट्टी काढायची नाही, असं तुम्हीच प्रशिक्षणात सांगितलं ना? 'यंत्राशी खोटं बोललात तर स्वतःशी खोटं बोललात.' वहीत लिहून घेतलंय मी."

मी रोज संध्याकाळी घरी गेल्यावर पहिलं काम काय करते? पट्टी काढून खिडकीत ठेवते. पीठ मळायचं असतं. भांडी असतात. पट्टीला पाणी लागलं तरी काही होत नाही, हे मला पाठ आहे, पण कणकेच्या परातीत घड्याळ घालून हात घालायचा नाही ही सवय आईपासूनची. सकाळी डबे भरून झाले की पुन्हा चढवते. काढलेले तास यंत्र हिशेबात धरत नाही. माझा अंक सत्तेचाळीस येतो आणि मी 'तब्येतीला जपा'मध्ये इतरांना प्राणायाम शिकवते. पल्लवीच्या बेचाळीसचं रहस्यही मला तिथेच, टाकीपाशी उलगडलं.

मागून आवाज आला. "काय खुसुरफुसुर चाललीय? यंत्रानं काय सांगितलं?" शालनकाकी पातेलं उतरवून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आम्ही जन्मभर केलं. आम्हाला न्हाई कुणी पट्टी बांधली. द्या बघू, मला बी लावा. बघूया म्हातारी किती थकतीया."

साठ वर्षांची बाई, म्हातारी कसली. प्रशिक्षणात दाखवायला मी एक चाचणीची पट्टी पर्समध्ये ठेवते. ती काढली, त्यांच्या चिकाने माखलेल्या मनगटावर बांधली आणि माझ्या मोबाईलवर त्यांच्या अंगठ्याची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या मोबाईलवर अंक आला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि आठला त्यांच्या घरी गेले. धीरज फ्रिजला टेकून चहा पीत होता, त्याच्या डोक्याजवळ त्याचा फोटो. शालनकाकी पोळ्या लाटत होत्या. ऋतुजा गच्चीवर प्लॅस्टिक अंथरायला गेली होती.

"काकी, तुमचा अंक ब्याण्णव आला."

लाटणं थांबलं. "शंभरात?"

"शंभरात."

"आन हिचा?"

"एक्याऐंशी."

"म्हंजी मीच पुढं." त्यांचा चेहरा उजळला. "ऐकलंस का रं धीरज? दहावीला तुला बावन्न पडलं हुतं."

कसं सांगावं कळेना. मी स्टुलावर बसले आणि सांगितलं, की इथे कमी मिळालेला पास असतो. सत्तरच्या वर गेलेल्या माणसाच्या हातात आम्ही सुईसुद्धा देत नाही. ब्याण्णव मी आजवर कुणाचा पाहिलेला नाही. आणि बोलता बोलता मिरजेचंही सांगून टाकलं. ते बाळ, तो घाट, ती जागा, तीस तारीख. ऋतुजाने मला तसं सांगायला सांगितलं नव्हतं. पण आता राहवेना.

काकींनी तव्यावरची पोळी उलटली. 

"माझी चुलती बाळंतपणात गेली," त्या म्हणाल्या. "बाळ बी गेलं. मी धा वर्षाची हुते." मग पदराने कपाळ पुसून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "हिला यंत्रानं रजा दिली. मला कोण देणार?"

त्यात तक्रार नव्हती. बसची वेळ विचारावी तसं विचारलं. धीरजने कप ओट्यावर ठेवला. 

समितीची बैठक शुक्रवारी अकराला होती. डॉक्टर कासार, बर्गे आणि मी. ऋतुजाला बोलावलं होतं. डॉक्टरांनी मऊपणे पण स्पष्ट सांगितलं, "आदेश यंत्राचा आहे. बदलायचा तर कारण हवं, आणि कारण आलेखात आहे. उघडायचा की नाही, ते तुम्ही ठरवा."

ऋतुजाने मोबाईल टेबलावर ठेवला. अंगठा वर आला आणि तिथेच राहिला. तेवढ्यात दार ढकलून शालनकाकी आत आल्या. नवं लुगडं, मनगटावर राखाडी पट्टी. मागे दारातच धीरज, त्यानेच गाडीवरून आणलं होतं.

"तिचा नका उघडू," काकी म्हणाल्या. "माझा उघडा. घर तेच हाय, चूल तीच हाय. तिचं तिच्यापाशी राहू द्या."

"आत्या, कशाला..." ऋतुजा उठली.

"तू बस. मी काय तुमची नोकर न्हाई, मला कुणाची भीती?"

त्यांनी माझ्या मोबाईलवर अंगठा लावला आणि आलेख भिंतीवर उमटला. त्यात दरी नव्हतीच. पहाटे चारला रेषा चढली होती, ती दिवसभर वरच. दुपारी जरा वाकली आणि पुन्हा उठली. मध्यरात्रीनंतरसुद्धा ती खाली आली नव्हती. डॉक्टर कासारांनी हृदयाचे हजारो आलेख पाहिले असतील. ते खुर्ची पुढे ओढून बघत राहिले.

"काकी, तुम्ही झोपता कधी?"

"पाठ टेकती की."

बर्गे खिडकीबाहेर बघू लागले. धीरज दारातून आत आला आणि म्हणाला, "सर, माझा एकतीस कसा येतो ते आज कळलं." एवढंच. पण साहेबांच्या तोंडावर म्हणाला, आणि ऋतुजाने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

आता माझी पाळी होती. नियम मोडला तर खुर्ची जाते, हा नियम मीच टंकलेला. तरी सांगितलं. "डॉक्टर, आपल्या सत्तावीस बायकांपैकी ऋतुजा सोडून बाकी सगळ्या घरी पट्टी काढतात, असा माझा अंदाज आहे. स्वतःपुरती तर खात्री आहे. मी रोज काढते. जी खरं वागली तिला आपण शिक्षा करतोय."

डॉक्टरांनी भिंतीवरचा आलेख बंद केला. मग म्हणाले, "तीन दिवस. कुणीही काढायची नाही. बघू तरी."

मी खबरबातचा खास अंक काढला, एकाच ओळीचा: "तीन दिवस पट्टी घरीही राहू द्या. मीही ठेवते आहे." त्या संध्याकाळी मी पट्टीसकट पिठात हात घातला. फार विचित्र वाटलं, कुणीतरी पाठीशी उभं राहून बघतंय असं. सकाळी माझा अंक आला त्र्याऐंशी. तो मी माझ्या नावासकट छापला.

चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजता यंत्राने एका झटक्यात तेवीस बायकांना सक्तीची विश्रांती फर्मावली. पल्लवीसकट. मलाही. दवाखाना चालवायला तीन सिस्टर, बारा पुरुष आणि डॉक्टर कासार उरले. डॉक्टर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. रागावले नव्हते. घरी त्यांनीही पत्नीला एक पट्टी बांधून पाहिली होती, हे त्यांनी आपणहून सांगितलं. अंक सांगितला नाही.

यंत्र बनवणाऱ्यांशी दोन दिवस बोलणी झाली. ड्युटीच्या तासांचा अंक वेगळा निघू लागला. कामावर आणि प्रशिक्षणाला कोण योग्य हे त्यावरून ठरायचं. चोवीस तासांचा अंक ज्याचा त्याला, घरी दाखवायचा की नाही हे त्याने ठरवायचं. ऋतुजाचा रजेआधीचा ड्युटीचा अंक अडतीस होता, मंडळात सगळ्यात कमी. पल्लवीचा पंचावन्न. पल्लवीनेच सगळ्यांच्या आधी जाऊन ऋतुजाचं अभिनंदन केलं, आणि पुढच्या वर्षीची जागा आत्ताच सांगून ठेवली.

तीस तारखेला यादी गेली.

तोवर घाडग्यांच्या गच्चीवर तयार झालेला चीक काही थांबणार नव्हता. तो धीरजने घोटला. गुठळ्या झाल्या. कुरडया पिळल्या त्या बोटाएवढ्या जाड, तेलात फुलल्या नाहीत. शालनकाकींनी त्या तशाच डब्यांत भरून दोन्ही लेकींना पाठवल्या आणि सोबत निरोप दिला, पुढच्या साली पाहिजे असतील तर जावयांसकट या.

मे महिन्याच्या खबरबातमध्ये 'शिकायच्या संधी'खाली ऋतुजाचा फोटो आहे, मिरजेच्या बसमध्ये चढतानाचा. आणि 'रजेवर' सदरात, डॉक्टरांना विचारून, मी लिहिलं: "श्रीमती शालन घाडगे, कर्मचारी नाहीत, सात दिवस विश्रांती. कृपया कुणीही फोन करून काही मागू नये." फूल मुद्दाम टाकलं नाही.

सात दिवस झाल्यावर मी चाचणीची पट्टी परत आणायला गेले. पंचवीस मेच्या प्रशिक्षणाला ती लागणार होती. काकी घरापुढच्या ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. आत कुकरची शिटी झाली आणि धीरज "आई, किती झाल्या?" म्हणून ओरडला. काकींनी पाय आणखी सैल सोडले.

"अंक बघितला का काकी?"

"एकाहत्तर. कमी झाला न्हवं?"

"झाला की. आता पट्टी द्या, मला शिकवायला हवी."

त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट झाकलं. "आणखी थोडं दिवस राहू द्या, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ही हातात असली की बसलेली बघून घरात कुणी काय झालं म्हणून इचारत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. आम्ही दोघी काही न करता रस्त्याकडे बघत राहिलो, चांगली अर्धी घटका. मग मंडळात येऊन सामानाच्या नोंदवहीत लिहिलं: पट्टी, नग एक, चाचणी चालू आहे.